गाडी का उकळते? राजूर घाट आणि रेडिएटरमधली हवा

(बुलढाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा गॅरेजवाला कुठून आला. मी गॅरेजवाला नाही. सगळं आयुष्य शाळेत इतिहास शिकवण्यात गेलं. सिंदखेडराजावर किंवा खामगावच्या कापसाच्या बाजारावर बोलणं मला सोपं गेलं असतं. पण गेल्या उन्हाळ्यात माझी जुनी मारुती ८०० एकाच महिन्यात तीनदा उकळली, आणि ती दुरुस्त होता होता माझ्या लक्षात आलं की माझ्या गाडीचा बिघाड एकट्या माझा नाही. आपल्या जिल्ह्याची शंभर वर्षांची एक सवय आहे, तिचा तो बिघाड आहे.

आधी एक करा. ज्यांची गाडी राजूर घाटात किंवा बोथ्याच्या घाटात कधी ना कधी उकळली आहे, त्यांनी हात वर करा. (हशा) बघा. निम्मं सभागृह आहे. आता ज्यांनी त्या वेळी बाटलीतलं पिण्याचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं, त्यांनी हात तसेच वर ठेवा. एकही खाली आला नाही. आजचं व्याख्यान या हातांबद्दल आहे.

सुरुवात भूगोलापासून करावी लागेल. मुंबईहून नागपूरकडे जाणारी जीआयपी रेल्वे १८६० च्या दशकात पूर्णेच्या खोऱ्यातून गेली. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही आपली स्टेशनं तिच्यावर आली. खामगावला कापूस होता म्हणून जलंबहून खामगावपर्यंत १८७० मध्ये खास फाटा काढला. कापसासाठी रेल्वे हलली, माणसांसाठी नाही. आणि जिल्ह्याचं ठाणं कुठे ठेवलं? वर, पठारावर, इथे. साहेबाला थंड हवा पाहिजे होती. म्हणजे गाडी खाली आणि कचेरी वर. कोर्टाची तारीख असो, कलेक्टर ऑफिसातलं काम असो की सिव्हिल हॉस्पिटलात न्यायचा पेशंट असो, मलकापूर-नांदुऱ्याकडच्या माणसाला डोंगर चढूनच यावं लागतं. बुलढाणा शहरात आजही रेल्वे नाही, आणि खामगाव-जालना लाइनची चर्चा आपल्या आजोबांपासून चालू आहे. तेव्हा इंजिन गरम होणं ही इथे हौशी मोटारवाल्यांची तक्रार नव्हती. घाटात गाडी थांबली की तारीख हुकायची, पेशंट अडकायचा.

मलकापूर समुद्रसपाटीपासून २५०-२७५ मीटरवर आहे आणि बुलढाणा ६५० च्या आसपास. अंतर म्हणाल तर पंचेचाळीसेक किलोमीटर. पण चढ सगळीकडे सारखा वाटलेला नाही. मोताळ्यापर्यंत गाडी खोऱ्यात पळते, आणि पुढे राजूरच्या घाटात सगळी उंची एकदम अंगावर येते. मे महिन्यात खाली ४४ अंश. पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, तिचा साधारण एक तृतीयांश भाग इंजिनाभोवतीच्या पाण्यातून बाहेर टाकावा लागतो. सपाटीवर वेगाचा वारा रेडिएटरला लागतो आणि हे काम होऊन जातं. घाटात दुसरा गिअर. इंजिन ओरडतं, गाडी रांगते, वारा लागत नाही, आणि जो लागतो तो मुळात ४४ अंशांचा. काही लोक म्हणतात की उंचावर पाणी लवकर उकळतं म्हणून असं होतं. उकळतं खरं, पण या उंचीवर ते सुमारे ९८ अंशांना उकळतं. दोन अंशांसाठी डोंगराला बोल लावण्यात अर्थ नाही.

आता जरा लांब जाऊ, जर्मनीत. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी मोटारीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. इंजिनाभोवती पाणी असायचं, ते तापायचं, वाफ होऊन उडून जायचं. संपलं की पुन्हा भरायचं. चुलीवरच्या पातेल्यासारखा कारभार. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, ही गाडी घेऊन गेली. नवऱ्याला न सांगता. वाटेत मिळेल तिथे पाणी भरत गेली, चढावर मुलांनी गाडी ढकलली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास मानतात. मला तो वाचताना नेहमी मलकापूर-बुलढाणा आठवतं. त्यात ढकलणंसुद्धा आहे.

पुढची मोठी सुधारणा विल्हेल्म मायबाखची. १९०० च्या सुमारास त्याने मर्सिडीजसाठी मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. असंख्य बारीक नळ्या, त्यांच्यामधून वारा. तेच पाणी पुन्हा पुन्हा थंड करून वापरता यायला लागलं. पण ते पाणी फिरवायचं कोणी? फोर्डच्या मॉडेल टी मध्ये, पहिल्या काही गाड्या सोडल्या तर, पंपच नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन वर जातं, थंड पाणी खाली उतरतं, एवढ्यावर सगळं चालायचं. आपल्या घरात तांब्याचा बंब होता ना? थंड पाणी तळाशी जायचं आणि कढत पाणी वरून यायचं. तेच तत्त्व. पण एक अट होती. रेडिएटरची वरची टाकी भरलेली पाहिजे. पातळी वरच्या नळीच्या खाली गेली की फेरा तुटला. मधे हवा आली, पाणी जागच्या जागी उभं राहिलं आणि इंजिनाजवळचं उकळायला लागलं. म्हणजे हवेचा त्रास पहिल्या दिवसापासून आहे.

मग तेव्हाच्या लोकांना हवा काढायची विद्या वेगळी का शिकावी लागली नाही? कारण त्या गाड्यांचं नाक उंच होतं. रेडिएटर समोर देवळाच्या दारासारखा उभा, आणि त्याची टोपी जवळजवळ सगळ्या इंजिनाच्या वर. हवा वर जाते, वर टोपी आहे, टोपी उघडली की हवा आपणहून निघून जाते. पाणी ओतणं आणि हवा काढणं हे एकच काम होतं. हा मुद्दा ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

फोर्ड कंपनी १९२६ मध्ये मुंबईत आली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतच गाड्या जोडायला सुरुवात केली. मग सोलापूरचे वालचंद हिराचंद. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना. आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या, पुढे फियाट. तीच फियाट १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाड्याला १९५७ पासून अॅम्बेसेडर, आणि मुंबईत महिंद्रांची जीप. १९८३ च्या डिसेंबरात मारुती येईपर्यंत आपल्या जिल्ह्यात मोटार म्हणजे हे तीन चेहरे. या गाड्यांना पाण्याचा पंप होता. फॅनबेल्ट तुटला की पंप, पंखा आणि डायनॅमो असे तिन्ही एकदम बंद, ही गंमत वेगळी. पण टोपी अजून वरच होती.

या गाड्यांभोवती आपल्या ड्रायव्हर लोकांनी एक अख्खा विधी तयार केला. पहाटे निघायचं. बंपरला कॅनव्हासची छागल लटकवायची. छागल तरुणांनी पाहिली नसेल. जाड कापडाची पिशवी, तिच्यातून पाणी किंचित पाझरतं, वाऱ्याने ते वाळतं आणि आतलं पाणी गार होतं. रेडिएटरला पाणी पुरवणारी ही पिशवी स्वतः एक रेडिएटरच होती. घाट अर्धा झाला की थांबायचं, बॉनेट उघडायचं. पेट्रोलपंपावर ओलं फडकं टाकायचं. पंपावर म्हणजे गाडीतल्या, बाहेरच्या नव्हे. (हशा) हे फडकं वेगळ्या दुखण्यावरचं औषध होतं बरं का. उन्हाने नळीतल्या पेट्रोलचीच वाफ व्हायची आणि इंजिनाला पेट्रोल मिळायचं नाही. तिथेही बुडबुडा, इथेही बुडबुडा, म्हणून लोक दोन्हींची गल्लत करत. गाडी बंद पडून थंड झाल्यावर चालू झाली की कोणता बुडबुडा होता ते कोणाला कळणार! पाणीही टाकायचे, फडकंही टाकायचे. एकाला तरी गुण येईच.

या विधीतला सगळ्यात वाईट भाग म्हणजे गरम टोपी उघडणं. माझे मामा मलकापूर स्टेशनवरून बुलढाण्याची सवारी करायचे. पद्मिनी होती. मी तेव्हा कॉलेजात. लग्नसराईचे दिवस, गाडीत नवरीकडची पाच माणसं, आणि घाटात काटा लाल रेषेवर. मामांनी उतरून टॉवेल गुंडाळला आणि टोपी फिरवली. शेकडो वेळा केलेलं काम. त्या दिवशी ती हातातून उडाली. उजवा हात कोपरापर्यंत आणि मान भाजली. मी मागच्या सीटवर होतो. पुढची गोष्ट सांगत नाही. दोन महिने गाडी दारात उभी राहिली, लग्नसराई गेली आणि गाडीचा हप्ता घरातलं सोनं मोडून भरला. मामींनी त्यानंतर चहाच्या पातेल्यावरचं झाकणसुद्धा कधी त्यांना काढू दिलं नाही.

असं का होतं ते सांगतो. टोपी नुसतं झाकण नसते. ती दाब धरून ठेवते. हवेच्या दाबावर आणखी तेवढाच दाब दिला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या जवळ उकळतं. म्हणजे ११० अंशांचं पाणी आत शांत बसलेलं असतं. तुम्ही टोपी काढली की दाब गेला आणि ते पाणी त्याच क्षणी उकळतं. एक लिटर पाण्यातून अंदाजे ३० लिटर वाफ एका झटक्यात, आणि ती बाकीचं कढत पाणी घेऊन बाहेर येते. टॉवेल कितीही जाड असो. अर्धा-पाऊण तास थांबा. वरची नळी हाताला सोसेल इतकी निवली तरच टोपीला हात लावा. बाकी सगळं व्याख्यान विसरलात तरी चालेल.

आता पाण्याकडे येऊ. कोणतं पाणी ओतलं जायचं? जे जवळ असेल ते. आणि आपल्याकडे जवळ काय आहे? पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून साधारण ४,७०० चौरस किलोमीटर पसरलाय. आपल्याकडे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या बाजूची गावं त्यात येतात. तिथल्या विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही, माणसाला सोसत नाही, मूत्रपिंडाच्या दुखण्यांनी कितीतरी घरं खचली आहेत. मोटारीचं दुःख त्यापुढे काहीच नाही. पण तेच पाणी बादलीने रेडिएटरमध्ये गेलं. क्षार नळ्यांत बसले, जसे ते पाणी तापवायच्या भांड्यात बसतात. शिवाय इंजिनात लोखंड आहे, अॅल्युमिनियम आहे, रेडिएटरला तांबं-पितळ. वेगवेगळे धातू आणि खारं पाणी एकत्र आलं की गंज लवकर धरतो. म्हणून आपल्याकडे रेडिएटर उघडून नळ्यांतून सळई फिरवणारे कारागीर होते, त्यांचा धंदा या खाऱ्या पाण्यावर चालला. लोणारच्या सरोवरातलं पाणी कोणी टाकलं नाही एवढं नशीब. तेही कोणी टाकलंच असेल म्हणा, पण मला भेटला नाही.

मग १९८३ नंतर मारुती ८०० आली आणि गाडीचं नाक खाली गेलं. हा बदल बघायला फार साधा आहे. बॉनेट उतरतं झालं, वारा कापायला बरं, समोरचं दिसायला बरं. पण बॉनेटबरोबर रेडिएटरही खाली आला. आता टोपी ही सर्वांत उंच जागा राहिली नाही. इंजिनाच्या हेडजवळचा भाग, थर्मोस्टॅटचं घर, हीटरकडे जाणाऱ्या नळ्या, यांतलं काही ना काही टोपीच्या बरोबरीला किंवा तिच्याही वर. बाजूला प्लास्टिकची रिझर्व्ह टाकी आली. पाणी तापलं की फुगून टाकीत जातं, निवलं की इंजिन ते परत ओढून घेतं. विजेचा पंखा आला, तो गरज लागली की फिरतो. पाण्याच्या जागी कूलंट आलं, त्यात गंज रोखणारी द्रव्यं. आता हे बंद घर झालं. आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही.

आणि आपण काय केलं? बंद घराला उघड्या घरासारखं वागवलं. उकळली, टोपी उघडली, बाटली ओतली, निघाले. पद्मिनीत हे खपून जायचं. मारुतीत वरून पाणी ओतलं की आतली हवा हेडमध्ये कोंडते, कारण तिला बाहेर पडायला वाटच नाही. टोपीतून बघाल तर पाणी काठोकाठ. तुम्ही म्हणता, भरली! आत एक मोठा बुडबुडा बसलाय, नेमका तिथे जिथे सगळ्यात जास्त उष्णता आहे. एक लिटर पाणी जेवढी उष्णता वाहून नेतं, ती न्यायला साडेतीन हजार लिटरच्या आसपास हवा लागेल. बुडबुड्याखालचं धातू भाजत राहतं. अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, पॅकिंग जातं. वर काट्याचा सेन्सर जर त्या हवेत आला तर काटा खोटं बोलतो. कधी एकदम लालवर, कधी खाली, जणू काही झालंच नाही.

इथे मला आपल्या लोकांचं एक नवल वाटतं. हवा अडकणं ही गोष्ट बुलढाण्याच्या शेतकऱ्याला नवी आहे का? ट्रॅक्टरचं डिझेल संपलं की इंजिन एअर घेतं, मग नट सैल करून हातपंप मारत बुडबुडे जाईपर्यंत डिझेल सांडायचं, हे दहावीतल्या पोराला येतं. विहिरीवरच्या पंपात पाणी भरल्याशिवाय तो ओढत नाही, हे आजीला माहीत आहे. ठिबकच्या मेन लाइनवर सगळ्यात उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवतात, तो का, हे कोणालाही विचारा. एवढी विद्या शेतात आहे. पण तोच माणूस कारमध्ये बसला की बाटली ओततो. कार ही मशीन नाही, प्रतिष्ठा आहे, असं काहीसं डोक्यात असावं. हे माझं मत, पुरावा मागू नका.

आणखी एक सवय याच काळातली. थर्मोस्टॅट काढून टाकणं. हा छोटा व्हॉल्व्ह इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचा रस्ता बंद ठेवतो आणि ८२-८८ अंशांच्या सुमाराला उघडतो. आत मेण असतं, ते वितळून फुगतं आणि दार ढकलतं. विजेशिवाय, कॉम्प्युटरशिवाय. १९३० च्या दशकातली युक्ती आहे आणि अजून चालते. आपल्या मिस्त्री मंडळींनी विचार केला, इथे थंडीच कुठे आहे, मग हे अडथळ्याचं दार कशाला? काढून फेकलं. जुन्या, क्षारांनी निम्म्या बुजलेल्या रेडिएटरला त्याने खरंच थोडा आराम पडायचा, म्हणून मी त्यांना सरसकट वेड्यात काढणार नाही. पण त्याने इंजिन हवं तितकं तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, झिजतं. आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

तर माझी गाडी. १९९७ ची मारुती ८००. एक नळी फुटली होती, ती बदलून घेतली, आणि त्यानंतर उकळणं सुरू झालं. आधी नव्हतं. हे मी कोणाला सांगितलंच नाही, कारण कोणी विचारलं नाही. पहिल्या गॅरेजवाल्याने टोपी बदलली. दुसऱ्याने थर्मोस्टॅट काढला. तिसरा म्हणाला हेड उघडावं लागेल, आणि जो आकडा सांगितला त्यात दुसरी जुनी गाडी आली असती. घरी मतदान झालं. गाडी भंगारात द्यावी असा ठराव झाला, विरोधात मी एकटा. मामांच्या प्रसंगानंतर आमच्या घरात उकळणारी गाडी कोणालाच नको होती, आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही.

शेवटचा प्रयत्न म्हणून मलकापूर रोडवर ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीकडे बघितलंही नाही. आधी मला विचारलं, "सर, गरम व्हाच्या आंधी काय काम केलं होतं गाडीचं?" मी नळीचं सांगितलं. मग म्हणाले, "हीटर लावून पाहा बरं." मे महिन्यात हीटर! लावला. काटा वर चढलेला आणि हीटरमधून थंड हवा. डॅशबोर्डच्या मागे गुडगुड. मिस्त्री म्हणाले, "पाण्यानं नाही सर, हे हवेनं गरम होऊन रायली."

इंजिन गरम आणि हीटर थंड याचा अर्थ गरम पाणी हीटरपर्यंत पोचत नाही, मधे हवा आहे. आमच्याकडे हीटर कोणी लावतच नाही, कित्येक गाड्यांत त्याच्या नळ्या परस्पर जोडून टाकलेल्या असतात, त्यामुळे निदानाची ही सगळ्यात सोपी खूण आपण गमावून बसलो आहोत.

त्यांनी लगेच हात घातला नाही. गाडी रात्रभर त्यांच्याकडे ठेवली. सकाळी थंड इंजिनाची टोपी उघडली, तर रिझर्व्ह टाकी भरलेली आणि रेडिएटर वरून बराच रिकामा. टाकी आणि टोपीच्या मधली बारीक नळी चिरली होती. निवताना इंजिन कूलंटऐवजी हवाच ओढत होतं. म्हणजे मी रोज टाकी बघून समाधान मानत होतो आणि गाडी रोज रात्री थोडी थोडी हवा पीत होती. ती नळी बदलली, बाजूला ठेवलेला थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का ते पाहिलं आणि परत बसवला. ऑइलची पट्टी काढून पाहिली, दुधासारखं झालंय का. नव्हतं. झालं असतं तर पाणी ऑइलमध्ये शिरलं, पॅकिंग गेलं, मग हेड उघडण्याला पर्याय नाही.

मग गाडी उतारावर उलटी लावली, म्हणजे नाक चढाकडे. हा सगळ्या कामाचा गाभा आहे. गाडी नव्वद सालानंतरची, पण तिचं नाक वर करून त्यांनी टोपीला पुन्हा उंच जागा केली. एका परीने त्यांनी तिला पद्मिनी केलं. हँडब्रेक, चाकांना दगड. हीटर पूर्ण गरमवर, म्हणजे त्याचाही रस्ता उघडा. काही गाड्यांत हवा काढायला छोटा स्क्रू दिलेला असतो, माझ्या गाडीत नव्हता, म्हणून हीटरच्या वरच्या नळीची क्लिप थोडी सैल केली. डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळलेलं कूलंट बारीक धारेने ओतायला सुरुवात. घाईने ओतलं तर हवा खालीच दाबली जाते. ओततोय, थांबतोय, वरची नळी हाताने दाबतोय सोडतोय, जशी म्हैस पान्हवायला लावतात. बुडबुडे येत होते. सैल केलेल्या नळीतून आधी फुसफुस, मग फेस, मग सलग धार. धार सलग झाली की क्लिप आवळली.

आता टोपी उघडी ठेवूनच इंजिन सुरू. इंजिन थंड असताना सुरू केलेलं, म्हणून हे चालतं. गरम इंजिनाची टोपी उघडणं वेगळं आणि हे वेगळं, घोटाळा करू नका. दहा-बारा मिनिटं काही होत नाही. मग थर्मोस्टॅट उघडला, पातळी एकदम खाली गेली आणि आतून असा मोठा ढेकर आला की मी दोन पावलं मागे सरलो. मिस्त्री म्हणाले, "तेच पाहून रायलो होतो मी." पुन्हा भरलं. हीटरमधून गरम झोत यायला लागला. टोपी लावली, पंखा एकदा आपणहून फिरून बंद होईपर्यंत थांबलो, टाकी वरच्या खुणेपर्यंत भरली. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पुन्हा बघितलं, अर्धा ग्लास आणखी बसलं. तिसऱ्या दिवशी काही नाही.

त्याच आठवड्यात भर दुपारी मी मुद्दाम राजूर घाट चढलो. काटा निम्म्याच्या थोडा खाली. वर येऊन गाडी उभी केली आणि मामांना फोन केला. ते म्हणाले, टोपीला हात लावू नकोस.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: मग घाटात खरंच उकळली तर त्या वेळी काय करायचं?

काटा चढतोय एवढंच असेल तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा, खिडक्या उघडा. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे. घाम येईल, येऊ द्या. वाफ दिसली किंवा खाली पाणी सांडलं तर बाजूला घेऊन इंजिन बंद. मग थांबायचं. अगदीच गरज म्हणून निवल्यावर साधं पाणी ओतलंत तर गुन्हा नाही, पण गावात पोचल्यावर ते काढून हवा काढून घ्या. हे राहून जातं, तिथेच गडबड आहे.

प्रश्न: बुडबुडे थांबतच नसतील तर?

अर्धा तास सारखे येत असतील, मागे पांढरा धूर आणि पाणी कमी होत असेल, तर ती अडकलेली हवा नाही, सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. तिथे माझ्यासारख्याचं ऐकू नका, हेड उघडू द्या.

प्रश्न: विजेच्या गाड्या आल्यावर हे सगळं संपेल ना?

बहुतेक विजेच्या कारमध्येही बॅटरी थंड ठेवायला कूलंटच फिरतं, आणि ते बदललं की त्यातूनही हवा काढावी लागते. रेडिएटर इतक्यात सुटत नाही आपल्याला.

मागच्या रांगेतून एक गृहस्थ: सर, मी एसटीत ड्रायव्हर होतो. एक राहिलं तुमचं. घाट चढून वर आलो की आम्ही इंजिन लगेच बंद नाही करायचो. दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचो.

बरोबर. चढ संपला तरी हेडमधली उष्णता तिथेच असते. इंजिन बंद केलं की पंप थांबतो आणि उभं पाणी तिथे उकळतं. दोन मिनिटं फिरू दिलं की ती उतरते. हे तुम्हाला कोणी शिकवलं?

ते गृहस्थ: शिकवलं कोणी नाही. माझ्या आधीचे ड्रायव्हर करायचे. आणि सर, छागल माझ्याकडे अजून आहे घरी. पाहायची असेल तर या.

(टाळ्या)